चौथ्या फेरीचं वजन

शुक्रवार, १२ सप्टेंबर

बाबा,

जूनमधल्या पत्रात मी एक गोष्ट चुकीची लिहिली होती, ती आधी दुरुस्त करते. मी लिहिलं होतं, "लंबूचं वजन मी स्वतः केलं, हेल्मेट आणि मानेच्या कवचासकट केलं, त्यात चूक होणं शक्य नाही." वजन मी स्वतः केलं हे खरं. हेल्मेटसकट केलं हे खरं नाही. हेल्मेट आणि कवच त्या वेळी माझ्याच टेबलावर होती, माझ्या डाव्या कोपरापाशी.

ते पत्र तुम्ही ठेवलं असेल तर ती ओळ खोडा. फाडलं असेल तर प्रश्नच मिटला, पण तुम्ही कुठलाच कागद फाडत नाही हे मला माहीत आहे.

फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तुम्ही "हं, बरी आहेस ना, आईला देतो" एवढंच म्हणायचात, आणि जूनपासून तेही नाही. म्हणून लिहिते. अक्षर मोठं काढलंय, सावकाश वाचा. आई शेजारी बसून ऐकत असणार, तेव्हा तुम्हाला पाठ असलेल्या दोन गोष्टी तिच्यासाठी लिहिते.

आई, आमच्या राष्ट्रीय स्पर्धेत दिसायला साध्या, चार दारांच्या गाड्या पळतात. वर्षाला आठ फेऱ्या. जो जिंकतो त्याच्या गाडीत पुढच्या फेरीला जास्तीचं वजन बसवतात, म्हणजे दर वेळी तोच जिंकू नये. शर्यत संपली की गाडी ड्रायव्हरसकट आणि त्याच्या हेल्मेटसकट काट्यावर चढवतात. ठरलेल्या वजनापेक्षा थोडी जरी कमी भरली तरी निकाल रद्द. लंबू हा बाबांच्या संघाचा ड्रायव्हर. त्याच्या गाडीत त्या वजनाच्या लोखंडी पाट्या बसवायचे ते बाबा, आणि काट्यापाशी वही घेऊन बसायची ती मी. बापाच्या गाडीवर मुलगी नको, असं मी आमच्या साहेबांना लेखी दिलं होतं. ते म्हणाले, "तुझ्यासारखी घाबरट मुलगी लबाडी काय करणार? आणि दुसरी सही माझी असतेच."

बाबा, चौथ्या फेरीच्या दिवशीचं ऊन तुम्हाला आठवत असेल. लंबू पहिला आला, रेषा ओलांडली आणि गाडी तिथेच थांबली. डॉक्टरांनी त्याला खांद्यांना धरून बाहेर काढलं. काट्यावर गाडीत बसण्याच्या अवस्थेत तो नव्हता. अशा वेळी रिकामी गाडी तोलायची आणि त्यात ड्रायव्हरचं सकाळी नोंदलेलं वजन मिळवायचं, असा नियम आहे. मी मिळवलं. बेरीज तीनदा केली. तिन्ही वेळा एक किलो आठशे ग्रॅम कमी.

बेरीज बरोबरच होती. चुकीचा होता तो सकाळचा आकडा. सकाळी लंबू काट्यावर उभा राहिला तेव्हा त्याचं हेल्मेट आणि कवच तपासणीचा स्टिकर लावून घ्यायला माझ्याकडे आलेली होती. स्टिकरही मीच लावते. मागे रांग होती, कोणीतरी "मॅडम, उरका" म्हणत होतं. मी आकडा लिहिला आणि "हेल्मेटसकट" या रकान्यात बरोबरची खूण केली, कारण त्या रकान्यात मी नेहमी बरोबरचीच खूण करते.

हे मला नुकतंच कळलं. एक नवी ड्रायव्हर मुलगी सकाळी काट्यावर चढली आणि म्हणाली, "मॅडम, माझं हेल्मेट तुमच्याकडेच आहे की! ते हातात धरू, का तुम्ही धरता?" तिचं वजन झाल्यावर मी जूनच्या वह्या काढल्या. हेल्मेटच्या वहीत लंबूचं हेल्मेट आलं आठ चाळीसला, परत गेलं नऊ पंचवीसला. वजनाच्या कागदावर लंबूची वेळ आहे नऊ पाच. अक्षर दोन्हीकडे माझंच.

त्याच मापाचं एक हेल्मेट आणि कवच मिळून दोन किलो दोनशे भरतं. म्हणजे तुमची गाडी कमी नव्हती, चारशे ग्रॅम जास्त होती. तुम्ही दर वेळी मोजून जास्त ठेवता तो "भीतीचा अर्धा किलो" तिच्यात होता.

मी हे सुधारणार आहे. कसं, ते अजून कळलेलं नाही.


गुरुवार, २५ सप्टेंबर

बाबा,

तुमची चिठ्ठी आईने पाठवलेल्या पायमोज्यांच्या आत सापडली. अजून थोडं आत सरकवली असतीत तर पुढच्या थंडीतच मिळाली असती. चार ओळी, नंबरप्लेटवर असतात तशी चौकोनी अक्षरं. "तुझा कागद बरोबर आहे. पाटी माझ्या हातून चुकली असेल. नोकरी सांभाळ. पुन्हा लिहू नको."

पुन्हा लिहितेय.

चौकशीच्या खोलीत मी दारापाशी उभी होते, तेव्हा तिथे काय झालं ते मला सांगू नका. त्यांनी विचारलं, "पाट्या किती बसवल्या?" तुम्ही म्हणालात, "सहा." "मग वजन कमी कसं भरलं?" तुम्ही टेबलावरच्या माझ्या कागदाकडे बघितलंत. बराच वेळ बघितलंत. मग म्हणालात, "कागदावर आहे म्हणजे माझ्याच हातून झालं असेल." कारकुनाने लिहिलं, आरोप मान्य. मान्य म्हटल्यावर पाट्या तोलायचे कष्टही कोणी घेतले नाहीत. फसवणुकीबद्दल दोन वर्षं तुमचा पास रद्द. संघाच्या मालकांनी संध्याकाळच्या आत तुमची हत्यारांची पेटी गेटवर आणून ठेवली. तीस वर्षं शर्यतीच्या गाड्यांना हात लावलेला माणूस आता दुकानांच्या शटरच्या स्प्रिंगा बदलतो, आणि ज्या दुकानदाराला जुनी हकीकत ठाऊक आहे तो विचारतो, "स्प्रिंग पूर्ण वजनाची आहे ना?" हे मला आईने सांगितलं. तुम्ही सांगणार नाहीच.

तुम्ही प्रत्येक पाटी आवळली की तिच्या कडेवर टोच्याने एक टिंब ठोकता. सगळं झालं की डोळे मिटून बोटाने टिंबं मोजता. लहानपणी तुम्ही माझंही बोट धरून मोजायला लावायचात आणि मधेच उगाच एक आकडा गाळून मी पकडते का ते बघायचात. त्या दिवशी सहा टिंबं बोटाला लागली होती ना? मग माझ्या एका खुणेपुढे तुमचं बोट खोटं कसं पडलं?

मला उत्तर माहीत आहे आणि त्याचाच राग येतोय. घरात शाळा पुरी केलेली मी एकटी. सातवीपासून घरातला प्रत्येक कागद मी भरला. विजेचे अर्ज, भाड्याचा करार, मावशीच्या ऑपरेशनचा फॉर्म. तुम्ही न वाचता सही करायचात. कोणी विचारलं तर म्हणायचात, "पोरीनं लिहिलंय, झालं तर मग." मला तेव्हा आभाळ ठेंगणं व्हायचं. आता वाटतं, एकदा तरी वाचून "हे काय लिहिलंयस?" म्हणून ओरडायला हवं होतंत.

सोमवारी मी आमच्या साहेबांना, म्हणजे मुख्य तपासनिसांना, सांगितलं. त्यांना सगळे 'काटा' म्हणतात, तोंडावर म्हणतात, फक्त जरा हळू आवाजात. पत्र्याच्या कपाटांमधल्या त्यांच्या टेबलावर मी दोन्ही वह्या उघडून ठेवल्या.

"यात बघायचं काय?"

"वेळा, सर."

त्यांनी चष्मा लावला, बघितलं, चष्मा काढला. "घड्याळ कुठलं बघून लिहिलंस?"

"भिंतीवरचं. दोन्हीकडे तेच."

"भिंतीवरचं घड्याळ बंद पडतं कधीकधी."

"बंद पडतं, सर. पण मग आपोआप चालू होत नाही."

ते हसले. माणूस वाईट नाही, हे मला लिहायलाच हवं. मला काम त्यांनीच शिकवलं. नियमांचं पुस्तक त्यांनी स्वतः काढून दाखवलं. झालेल्या वजनाची दुरुस्ती ज्या अधिकाऱ्याची सही आहे त्यालाच मागता येते, बाकी कोणालाही नाही, आणि तीही वर्षाचा निकाल मोहोरबंद होईपर्यंत. "पंच फक्त फेरीच्या दिवशी बसतात. सातव्या फेरीला अर्ज माझ्याकडे दे. मी पुढे देतो."

त्या कागदावर दुसरी सही त्यांची आहे. सही केली तेव्हा लंबूचं वजन होऊन तास उलटला होता आणि वजनाच्या वेळी ते चहाला गेले होते. हे मी अर्जात घातलेलं नाही. घालावं की नाही, ठरत नाही.


बुधवार, ८ ऑक्टोबर

बाबा,

आज तीन दुरुस्त्या आहेत. लहान आधी.

हेल्मेटचं वजन मी त्याच मापाच्या दुसऱ्या हेल्मेटवरून सांगितलं होतं, तो आळस झाला. सातव्या फेरीला लंबूचंच हेल्मेट आणि कवच तोललं. दोन किलो दोनशे साठ. म्हणजे गाडी चारशे साठ ग्रॅम जास्त होती. तुमच्या अर्ध्या किलोतले चाळीस ग्रॅम तेवढे हरवले, ते रस्त्यावर घासल्या गेलेल्या टायरांचे असतील.

लंबूला मी सरळ विचारलं, त्या सकाळी वजनाला उभा होतास तेव्हा डोक्यावर हेल्मेट होतं का? "ताई, खोटं कशाला बोलू. त्या दिवसाचं मला संध्याकाळी स्वतःचं नावही आठवत नव्हतं. डॉक्टर विचारतात नाव काय, मी म्हणतो बत्तीस. गाडीचा नंबर." म्हणजे त्याची साक्ष माझ्या कामाची नाही. तसं मी अर्जात लिहिलंय. मग तो म्हणाला, "तुमच्या बाबांनी बसवलेली सीट अजून तशीच आहे. नव्या माणसाला हात लावू देत नाही." हे अर्जात लिहिलेलं नाही, तुम्हाला सांगते.

दुसरी दुरुस्ती. "नुकतंच कळलं" असं मी लिहिलं ते खोटं होतं. मला कळलं सहाव्या फेरीला, २४ ऑगस्टला. तुम्हाला लिहिलं १२ सप्टेंबरला. मधले एकोणीस दिवस मी गप्प होते. नुसती गप्प नव्हते. तिसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसात कोणी नसताना मी हेल्मेटची वही उघडली. चुकलेली वेळ आडव्या रेघेने खोडून वर खरी लिहायची आणि बाजूला सही करायची, एवढी मुभा आम्हाला असते. नऊ पंचवीस खोडून वर नऊ लिहिलं असतं की हेल्मेट वेळेत परत गेलं, वजन खरं, मी खरी. रेघ सरळ यावी म्हणून मी पट्टीसुद्धा ठेवली होती. बघा तुमची मुलगी. लबाडीसुद्धा पट्टी ठेवून करायला निघाली होती. रेघ ओढली नाही. का नाही ओढली ते चांगलं कारण सांगता आलं असतं तर बरं वाटलं असतं, पण शिपाई आला आणि म्हणाला, "मॅडम, जेवलात का?" मी वही मिटली. नंतर पुन्हा उघडली नाही, एवढं श्रेय मात्र मी घेते.

तिसरी. जुलैत मला बढती मिळाली हे आईला सांगितलं, कशाबद्दल ते सांगितलं नाही. पत्रात लिहिलंय, "वडिलांच्या गाडीबाबतही नियमापुढे नाते आड येऊ न दिल्याबद्दल." सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. टाळ्या वाजल्या. मला आवडलं, बाबा. त्या दिवशी तुम्ही कुणाच्या तरी शटरची स्प्रिंग बदलत होतात आणि मला टाळ्या आवडल्या.

आता सातव्या फेरीचं. रविवारी सकाळी आठला मी अर्ज काटासाहेबांच्या हातात दिला. पोच मागितली. ते म्हणाले, "माझ्याकडून पोच?" मी म्हटलं, "हो सर, तुम्हीच शिकवलंय." दिली. संध्याकाळी तंबू उतरवायला लागले तेव्हा मी विचारलं, पंच काय म्हणाले?

"आज विषय फार होते."

अर्ज त्यांच्या बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात होता. कोपरा बाहेर दिसत होता. मी त्या कोपऱ्याकडे बघत राहिले, तेव्हा त्यांनी खुर्ची ओढली.

"बस. हे बघ, चौथ्या फेरीचे गुण परत दिले तर लंबू तिसऱ्याचा पहिला होतो. शेवटच्या फेरीच्या तोंडावर. आज जे पहिले आहेत ते गप्प बसतील? पहिलं काय म्हणतील सांग. बापासाठी केलं."

"जूनमध्ये कोणी म्हणालं नाही, बापाविरुद्ध केलं म्हणून."

"तेव्हाची गोष्ट वेगळी."

"वेगळी कशी? कागद तोच, सही तीच, बाप तोच. बापाच्या विरुद्ध गेलं तेव्हा ते खरं, त्याच्या बाजूने गेलं की खोटं? मग काटा कशाला ठेवलाय, सर? नाती विचारून निकाल द्या."

बाबा, मी एवढं मोठ्याने कोणाशी बोलले नव्हते. तंबूच्या दोऱ्या सोडणारे दोघे हात थांबवून बघत होते.

त्यांनी आवाज खाली आणला. "यंदा तुझ्या सहीचे दोनशे बारा कागद आहेत. एक खोटा निघाला की सगळ्यांवर संशय. तुझा परवाना जाईल. माझीही सही आहे खाली, हे मी बोलत नाही, पण आहे. आणि ज्याच्यासाठी करतेयस त्याने मान्य केलंय! त्याची तक्रार नाही."

मी म्हटलं, "दोनशे बारा? मग दोनशे बारा तपासते."


मंगळवार, २१ ऑक्टोबर

बाबा,

तपासले. दोनशे बारा कागद, हेल्मेटच्या वहीशी एकेक वेळ जुळवून. दोन रविवार आणि रोजची दुपारची सुट्टी गेली. दुसऱ्या फेरीत आणखी एक चूक सापडली, अगदी तीच. त्या गाडीचं वजन अकरा किलो जास्त होतं, त्यामुळे निकालाला धक्का नाही. तरी अर्जात जोडली. इथली ऑफिसातली माझी सोबतीण म्हणाली, "अगं, ही कोणी विचारलीसुद्धा नव्हती!" मी म्हटलं, म्हणूनच. कोणी विचारायच्या आत सांगितलेली चूक निदान माझी तरी राहते.

काल तुम्ही फोनवर आलात. चार महिन्यांनी. तुम्ही मधेच ठेवून दिलात, म्हणून राहिलेलं लिहिते. आधी जे झालं ते जसंच्या तसं उतरवते, कारण नंतर तुम्ही म्हणाल मी असं बोललोच नाही.

तुम्ही म्हणालात, "एवढी शिकलीस आणि एवढं कळत नाही?"

"काय कळत नाही?"

"माझं काय राहिलंय? गुडघे गेले, डोळा गेला. तुझं सगळं व्हायचंय. हातातलं घालवू नको."

"बाबा, पाट्या किती होत्या?"

"आता कुठलं आठवतंय."

"पाट्या किती होत्या?"

"डोकं खाऊ नको. कागदावर काय आहे ते धर."

तेवढ्यात मागून आईचा आवाज आला, बहुतेक ओट्यापाशी उभी होती. "सांगा की एकदाचं! मला तर रोज उठून सांगता, सहा होत्या, सहा होत्या, म्हणून. माझ्या पायांना पाट्या बांधल्यासारखं झालंय ऐकून ऐकून. आता तिला सांगायला काय झालं?"

नंतर तुम्ही म्हणालात, "सहा." आणि फोन ठेवलात.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं.

मी महिनाभर समजत होते की माझ्या कागदापुढे तुम्ही स्वतःवरचा विश्वास सोडलात. त्यावरून मी तुम्हाला पत्रात दोन शब्द सुनावलेसुद्धा. ते मागे घेते, ते चुकीचे होते. चौकशीच्या खोलीत कागदाकडे बघत होतात तेव्हा तुम्हाला बोटाला लागलेली सहा टिंबं पक्की आठवत होती. तुमच्या लक्षात आलं होतं की एकतर तुम्ही चुकलात नाहीतर मी. आणि तुम्ही ठरवलंत की चूक तुमची. फसवणारा हा शिक्का घेऊन तुम्ही घरी गेलात, कारण चूक तुमची नसेल तर माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाची असू शकत नव्हती.

आता मी रागावणार आहे, ऐका. आईलाही ऐकू दे.

मला कोणी विचारलं? सव्वीस वर्षांची आहे मी. माझी चूक होती. ती माझ्याकडून काढून घेऊन तुम्ही स्वतःच्या नावावर लावलीत, मला न सांगता, जसं लहानपणी मी शेजाऱ्यांची काच फोडल्यावर म्हणालात, "माझ्या हातून फुटली." तेव्हा मी आठ वर्षांची होते. आता माझ्या सहीने माणसांचं वर्ष बदलतं. माझी चूक जर माझी नसेल, तर माझी सहीसुद्धा माझी नाही. मग एवढं शिकवलंत कशाला?

तुम्ही माझ्यावर माया केलीत, हे मला कळतं. त्या मायेपायी तुम्ही खोटी कबुली दिलीत, हेही कळतं. दोन्ही मी अर्जात घालू शकत नाही. पण कबुली खोटी होती, एवढं घालणार आहे.

आणि "माझं काय राहिलंय" असं पुन्हा म्हणू नका. त्या टोमणा मारणाऱ्या दुकानदाराला उत्तर देता येत नाही म्हणून तुम्ही त्या रस्त्याने जाणं सोडलंत, हेही आईने सांगितलंय. लांबचा वळसा घालून जाता, गुडघे गेले असताना.


सोमवार, ३ नोव्हेंबर

बाबा,

आता फक्त कामाचं लिहिते.

वर्षाचा निकाल शेवटच्या फेरीच्या रविवारी, शर्यत संपल्यावर मोहोरबंद होतो. त्यानंतर पंचही तो उघडू शकत नाहीत. म्हणजे माझ्याकडे त्याच्या आधीचा एकच दिवस आहे.

काटासाहेबांनी गेल्या आठवड्यात मला बोलावून सांगितलं की शेवटच्या फेरीला माझी नेमणूक काट्यावर नाही, गेटवर पास तपासायला आहे. "जरा दगदग कमी होईल तुझी." मी आभार मानले आणि नेमणुकीची प्रत मागितली. त्यांनी दिली, आणि म्हणाले, "तुला मी एवढं चांगलं शिकवायला नको होतं." त्यात राग होता, पण सगळा राग नव्हता. मी त्यांना सांगितलं की ते वजनाच्या वेळी टेबलावर नव्हते, हे मी अर्जात आता लिहिलं आहे. आधी तोंडावर सांगायचं होतं, मग वाचायचं होतं. ते खिडकीकडे बघत म्हणाले, "चहाला गेलो होतो असं लिहिलंयस?" मी म्हटलं, "नाही सर, फक्त 'उपस्थित नव्हते' असं लिहिलंय. चहाचा पुरावा माझ्याकडे नाही." त्यांना हसू आलं, आणि ते आल्याचं त्यांना आवडलं नाही.

पंचांच्या सचिवबाईंना मी फोन केला. त्यांनी सांगितलं की अर्ज मुख्य तपासनिसांच्या हातूनच यायला हवा असा नियम नाही, तशी फक्त सवय आहे. फेरीच्या आदल्या दिवशी ड्रायव्हरांची बैठक असते. सगळे संघ, सगळे ड्रायव्हर, तिन्ही पंच समोर असतात, आणि कोणत्याही अधिकाऱ्याने तिथे उभं राहून वाचलेलं निवेदन इतिवृत्तात जातंच. ते कोणाच्या बॅगेच्या कप्प्यात जाऊ शकत नाही. बाई म्हणाल्या, "पण मुली, तिथे वाचायचं म्हणजे सगळ्यांच्या तोंडावर वाचायचं." मी म्हटलं, तेच हवंय. टाळ्याही सगळ्यांच्या तोंडावरच वाजल्या होत्या.

अर्जात चार गोष्टी मागितल्यात, त्यांत माझी शिक्षाही आहे. चौथ्या फेरीचं वजन दुरुस्त करा. लंबूचे गुण परत द्या. फसवणुकीचा शिक्का काढून मुख्य मेकॅनिकचा पास परत करा. आणि चूक ज्या अधिकाऱ्याने केली तिच्यावर नियमाप्रमाणे कारवाई करा. बढतीचं पत्र सोबत परत जोडलंय. परवाना एक वर्षासाठी जाईल असं वाटतं, कदाचित कायमचा. गेला तर मी दुसरं काहीतरी तोलेन. भंगाराच्या वखारीतही काटा असतो. तोंड लपवून काट्यापाशी बसण्यापेक्षा मान वर करून वखारीत बसेन.

पंच म्हणू शकतात की मेकॅनिकने स्वतः मान्य केलंय, मग तुमचं म्हणणं ऐकायचं कशाला. त्यासाठी एक कागद सोबत आहे. तुमची कबुली मागे घेण्याचा. तुमच्या वतीने मी तो लिहिला आहे, पण सही कुठे करायची याची खूण खाली केलेली नाही, पेन्सिलचीसुद्धा नाही. तो न वाचता सही करू नका. पाचवी ओळ मला स्वतःलाच नीट वाटत नाही, तिथे "कदाचित" हा शब्द हवा की नको ते तुम्ही ठरवा. पटली नाही ती ओळ खोडा. सगळाच पटला नाही तर कोरा परत पाठवा, मी त्यावरून एक शब्द बोलणार नाही. आणि नाही पाठवलात तरी मी थांबणार नाही. तुमच्या सहीने माझं काम सोपं होईल, तुमच्या सहीवाचून ते अडणार नाही.

कोणी म्हणेल, बापासाठी करतेय. म्हणू दे. बापासाठीच करतेय, आणि खरंही आहे. दोन्ही एकदम असू शकतं, हे त्या तंबूतल्या चाळीस-पन्नास माणसांनी एकदा डोळ्यांनी बघावं.

आई म्हणाली की तुम्ही यायचं की नाही ते बोलत नाही, पण बसच्या वेळा विचारल्यात. मी विचारणार नाही. आलात तर मागच्या रांगेत बसू नका. माझा आवाज बारीक आहे आणि कापणार आहे, मागे ऐकू येणार नाही. तो कापायचा थांबवणं माझ्या हातात नाही. निवेदन अडीच पानांचं आहे, घड्याळ लावून वाचलं तर सहा मिनिटं लागतात, मधे कोणी अडवलं तर मी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करणार आहे, कितीही वेळा.

बैठक शनिवारी, ८ नोव्हेंबरला, सकाळी साडेदहाला आहे. मी दहाला तिथे उभी असेन.